अंधारातला व्हिडिओ : आधी स्वच्छ करा, मगच लहान करा

कपाटात पडून राहिलेल्या हँडीकॅमच्या कॅसेट सध्या अनेक घरांतून बाहेर निघत आहेत. लग्न, मुंज, बारसं, गणपतीतली रात्रीची आरती. कॅसेट दुकानात द्यायची, चार दिवसांनी पेन ड्राइव्ह घरी आणायचा आणि कॅसेट टाकून द्यायची, असा हा सगळा मामला. माझं म्हणणं असं की, या चार दिवसांत नेमकं काय होतं हे विचारल्याशिवाय कॅसेट टाकू नका.

आमच्याकडे मावशीच्या हळदीची मिनी डीव्ही कॅसेट आहे, 2005 सालची. तेव्हा भारनियमन जोरात होतं. ऐन हळदीत वीज गेली आणि पुढचं सगळं चित्रण गॅसबत्तीच्या उजेडात झालं. त्यात आजी जात्यापाशी बसून ओव्या म्हणतेय. तिचं चालतं-बोलतं चित्रण आमच्याकडे एवढंच. दुकानाने तासाभराची ती कॅसेट 700 एमबीच्या फाइलमध्ये बसवून दिली. उजेडातला भाग बरा होता. गॅसबत्तीचा भाग सुरू झाला आणि आजीच्या चेहऱ्याच्या जागी थरथरणारे चौकोन दिसू लागले. ‘अंधारातलं शूटिंग असंच दिसणार,’ असं उत्तर मिळालं.

हे अर्धंच खरं होतं. तीच कॅसेट कॅमेऱ्यात घालून टीव्हीवर लावली तर चित्रात मुंग्या दिसत होत्या, पण चेहरा ओळखू येत होता. म्हणजे अंधाराने केलेलं नुकसान थोडं होतं, फाइल बनवताना झालेलं मोठं.

मुंग्या येतात कुठून?

प्रकाश फोटॉनच्या रूपात, पावसाच्या थेंबांसारखा सुटा सुटा सेन्सरवर पडतो. थेंब दर वेळी मोजून तेवढेच पडत नाहीत. संख्येतला हा चढउतार साधारण तिच्या वर्गमुळाइतका असतो. एका बिंदूवर 10,000 फोटॉन पडले तर चढउतार 100चा, म्हणजे 1 टक्का. 100च पडले तर 10चा, म्हणजे थेट 10 टक्के. उजेड कमी झाला की चित्रातली ही अनिश्चितता वाढते. त्यात घरगुती कॅमेऱ्याचा सेन्सर नखाहून लहान. चित्र काळं दिसू नये म्हणून कॅमेरा ‘गेन’ वाढवतो. लांबच्या स्टेशनसाठी रेडिओचा आवाज वाढवला की खरखरही वाढते, तसंच हे. व्हिडिओच्या भाषेत या खरखरीला ‘नॉइज’ म्हणतात.

एन्कोडर कुठे फसतो?

मिनी डीव्हीची तासाभराची मूळ फाइल सुमारे 13 जीबीची असते. ती लहान करण्याचं काम एन्कोडरचं. 2003 साली आलेली आणि आजही सर्वत्र वापरात असलेली एच.264 पद्धत घेऊ. ती प्रत्येक फ्रेम नव्याने लिहीत बसत नाही. आधीच्या किंवा पुढच्या फ्रेमवरून अंदाज बांधते आणि अंदाजात राहिलेली तफावत तेवढी नोंदवते. मागची भिंत हलत नसेल तर तिच्यावर जवळपास खर्चच होत नाही.

पण नॉइज प्रत्येक फ्रेममध्ये नवा असतो. भिंत जागेवरच आहे, तरी एन्कोडरला ती सेकंदाला 25 वेळा बदललेली दिसते. शिवाय ज्या माहितीत काही क्रमच नाही, ती काही न गमावता लहान करता येत नाही. क्लॉड शॅननने 1948 मध्येच हे गणिताने दाखवलं आहे.

आता आमच्या फाइलचा हिशेब पाहा. 720 गुणिले 576 बिंदूंची फ्रेम, सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे सेकंदाला एक कोटीहून जास्त बिंदू. तासाला 700 एमबी म्हणजे सेकंदाला जेमतेम दीड मेगाबिट. साधारण सात बिंदूंना मिळून एक बिट! एवढ्या तुटपुंज्या शिधावाटपात भिंतीवरच्या मुंग्यांनीच रांग लावली, तर चेहऱ्याच्या वाट्याला काय उरणार?

यावर नेहमीचा युक्तिवाद असा की, बिटरेट कमी ठेवला की एन्कोडर बारीक नॉइज आपोआप पुसतो, मग वेगळा खटाटोप कशाला? पुसतो हे खरं, पण सरसकट पुसतो. बारीक दाणा आणि बारीक सुरकुती यांतला फरक तो पाहत नाही. शिवाय वेगवेगळ्या प्रकारच्या फ्रेममध्ये कमी-जास्त पुसतो. त्यामुळे काही सेकंदांनी चित्र एकदम धडधडल्यासारखं बदलतं. दुसरा मार्ग दर्जा पक्का ठेवून फाइल हवी तेवढी वाढू देण्याचा. त्यात चित्र बरं राहतं, पण वाढलेली बरीचशी जागा मुंग्यांनाच जाते.

मग उपाय काय?

नॉइज एन्कोडिंगच्या आधी काढायचा. तत्त्व सोपं आहे. नॉइज दर फ्रेमला बदलतो, चित्र मात्र तेच राहतं. चार फ्रेमची सरासरी काढली की नॉइज निम्म्यावर येतो, सोळांची काढली की पावपट. अडचण हालचालीची. जातं फिरवणाऱ्या हाताची सरसकट सरासरी काढली तर हातामागे भुताटकीसारखी सावली उमटते. म्हणून चांगले फिल्टर कुठे काय हललं याचा विचार करतात, किंवा एकमेकांसारखे दिसणारे तुकडे शोधून त्यांची सरासरी काढतात. ‘नॉन-लोकल मीन्स’ ही 2005 मध्ये मांडली गेलेली पद्धत या दुसऱ्या प्रकारची. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती ‘एनएलमीन्स’ नावाने मिळते. एफएफएमपेगमधला ‘एचक्यूडीएनथ्रीडी’ त्याहून साधा, पण वेगवान.

क्रमही महत्त्वाचा. त्या काळच्या बहुतेक कॅमेऱ्यांत एका फ्रेममध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या अंतराने टिपलेली दोन अर्धी चित्रं गुंफलेली असतात. साधारण नियम असा की, आधी ती सोडवायची, म्हणजे डीइंटरलेस करायची, आणि मग नॉइज काढायचा. नाहीतर फिल्टर दोन वेगवेगळ्या क्षणांच्या रेषा एकमेकींत मिसळतो. चित्र उजळायचं असेल तर तेही नॉइज काढल्यानंतर, कारण आधी उजळलं तर मुंग्याही उजळतात. एन्कोडिंग सगळ्यात शेवटी.

किती काढायचा?

माझं मत स्पष्ट आहे : वाटतं त्यापेक्षा कमी. फिल्टरचा जोर वाढवला की गाल मेणासारखे गुळगुळीत होतात, नऊवारीचं काठ-पोत जातं, अंधाऱ्या भिंतीवर रंगांचे पट्टे दिसू लागतात. थोडा दाणा राहिला तर तेच पट्टे झाकले जातात. हँडब्रेकमध्ये सौम्य पातळीपासून सुरुवात करा. सगळ्यात अंधारा असा अर्धा मिनिट निवडून त्यावर आधी चाचणी घ्या. आणि स्थिर चित्रावर निकाल देऊ नका, व्हिडिओ चालवून पाहा.

‘एआय’ने चेहरा लख्ख करून देणाऱ्या अॅपबाबत तर जास्तच सावध राहायला हवं. सरासरी काढणारा फिल्टर कॅसेटवर आहे तेवढ्याच माहितीवर काम करतो. ही अॅप मात्र इतर असंख्य चेहरे पाहून शिकलेली असतात आणि जिथे माहिती नाही तिथे अंदाजाने डोळे, दात, त्वचा भरतात. चित्र सुंदर दिसेल, पण ती बाई आपली आजी असेलच असं नाही.

मूळ प्रत सोडू नका

नॉइज काढणं हा निर्णय आहे आणि तो उलटवता येत नाही. उद्या यापेक्षा चांगला फिल्टर येईल, पण त्याला खाद्य म्हणून मूळ फाइलच लागेल. मिनी डीव्हीवरची माहिती मुळात डिजिटल असल्याने ती फायरवायरच्या वायरने जशीच्या तशी संगणकावर उतरवता येते. व्हीएचएस किंवा हाय-8 असेल, तर निदान उतरवताना तरी बिटरेटमध्ये कंजुषी नको. 13 जीबी हा आकडा 2005 मध्ये धडकी भरवणारा होता. आज एक टेराबाइटच्या हार्ड डिस्कवर अशा 70 कॅसेट मावतात.

म्हणून दुकानात तीन गोष्टी विचारा. मूळ, न दाबलेली फाइल देणार का? डीइंटरलेस आणि नॉइजचं काम एन्कोडिंगच्या आधी करणार का? अंधाऱ्या भागाचा नमुना आधी दाखवणार का? पहिल्याच प्रश्नाला ‘नाही’ आलं, तर कॅसेट उचला आणि दुसरं दुकान गाठा.

आम्ही ती कॅसेट पुन्हा उतरवली. मूळ फाइल दोन डिस्कवर ठेवली. सौम्य फिल्टर लावून केलेली प्रत नातेवाइकांच्या ग्रुपवर गेली. दाणा अजूनही आहे, गॅसबत्ती अजूनही फडफडते. पण ओवी म्हणताना आजीचे ओठ हलताना दिसतात.