नाव मोठं, बेट छोटं

फायनान्सवाल्यांनो, ‘मॅक्वारी’ म्हटलं की तुम्हाला ऑस्ट्रेलियातली बँक आठवणार. मला आठवतं उल्वा. स्कॉटलंडच्या पश्चिमेला, मल बेटाला खेटून असलेलं पिटुकलं बेट. हे गेलिक आडनाव तिथलं. ‘मॅक’ म्हणजे मुलगा, म्हणून मॅक्वारी म्हणजे ग्वारे नावाच्या पूर्वजाचे वंशज. सिंपल!

अठराव्या शतकात कर्जापायी घराण्याच्या प्रमुखाला उल्वा विकावं लागलं. याच कुळातला लॅकलन मॅक्वारी ब्रिटिश फौजेत शिरला. १७९३ मध्ये लग्न केलं ते चक्क मुंबईत! १८१० ते १८२१ तो न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर होता. नदी, बंदर, रस्ता... स्वतःचं नाव देताना साहेबांनी हात आखडला नाही. पुढे युनिव्हर्सिटी आली, डिक्शनरी आली, बँकही आली.

आडनाव पोराबाळांमुळे पसरतं, असं आपण समजतो. हे पसरलं पाट्यांमुळे. गव्हर्नरचा मुलगा १८४५ मध्ये निपुत्रिक गेला. त्याच दशकात उल्वाच्या नव्या मालकाने मेंढ्यांसाठी कुळांना हुसकावलं. एकेकाळी तिथे सुमारे ६०० माणसं होती. २०१८ मध्ये स्थानिकांनी बेट विकत घेतलं, तेव्हा जेमतेम पाच-सहा उरली होती.

पाट्यांचीही दुसरी बाजू आहेच. १८१६ मध्ये याच गव्हर्नरने पाठवलेल्या सैनिकांनी अ‍ॅपिनला किमान १४ आदिवासींना मारलं.

तेव्हा सिडनीला पोस्टिंग मिळालं तर मॅक्वारी स्ट्रीटवर फोटो जरूर काढा. फक्त पाटी लागण्याआधी त्या जागेला काय म्हणायचे, तेही विचारा.