राग नावाचा की कृत्याचा?

'आश्रम' या हिंदी मालिकेचे नाव काढले की आपल्यातील बरेच जण नाक मुरडतात. घरच्यांसोबत बसून पाहण्यासारखी ती नाही, हे खरेच. पण ऑक्टोबर २०२१ मध्ये भोपाळला सेटवर मोडतोड झाली, दिग्दर्शक प्रकाश झा यांच्यावर शाई फेकली गेली, ती त्यासाठी नव्हे. या नावाने हिंदूंची बदनामी होते म्हणून! २०१३ मध्ये आसारामला आपल्याच इंदूरच्या आश्रमातून अटक झाली. अल्पवयीन मुलीवरील बलात्काराबद्दल २०१८ मध्ये जोधपूर न्यायालयाने जन्मठेप दिली. 'आश्रम' शब्दाला बट्टा लावला कोणी?

मालिकेतील बाबा निराला सुरुवातीलाच, सवर्णांनी अडवलेली दलित नवरदेवाची वरात स्वतः पुढे होऊन नेतो. पम्मी ही कुस्तीगीर मुलगी (भूमिका आपल्या अदिती पोहनकरची, आणि उत्तम) त्याच उपकारापोटी आश्रमात जाते व फसते. गावाने नाकारलेला मान बाबा देतो, आणि तीच माणसे पुढे मतांचे गठ्ठे म्हणून पुढाऱ्यांना विकतो. भक्तांना अडाणी म्हणून मोकळे होणाऱ्या आपल्या मंडळींनी निदान हा वरातीचा प्रसंग तरी पाहावा.