2021 मध्ये घेतलेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आज चालेल का?

एप्रिल-मे 2021 मध्ये ऑक्सिजनसाठी धावपळ झाली तेव्हा अनेक कुटुंबांनी कॉन्सन्ट्रेटर विकत घेतले. त्यातले बरेच आता माळ्यावर पडून आहेत आणि घरात सीओपीडीचा रुग्ण असला की ओळखीतून मागून आणले जातात. मंडई परिसरातले माझे रुग्ण सांगतात, "डॉक्टर, मशीन चालू होतंय, नळीतून हवा येतेय." हवा येणं आणि ऑक्सिजन येणं वेगळं. फरक पडतो तो मशीनच्या आतल्या दाण्यांमुळे.

हवेत साधारण 78 टक्के नायट्रोजन आणि 21 टक्के ऑक्सिजन असतो. मंडईतल्या दुकानात मिळणाऱ्या वेफर्सच्या पाकिटात नायट्रोजन भरलेला असतो. असा नायट्रोजन तयार करणाऱ्या अनेक यंत्रांत कार्बन मॉलिक्युलर सीव्ह, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांचे कार्बनचे दाणे असतात. ऑक्सिजन त्या छिद्रांत लवकर शिरतो, नायट्रोजन मागे राहतो आणि तोच बाहेर मिळतो. झिओलाइटचे दाणे उलटं काम करतात: दाबाखाली नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जाऊ देतात.

याच फरकाचा उपयोग आयआयटी मुंबईने 2021 मध्ये केला. टाटा कन्सल्टिंग इंजिनिअर्स आणि मुंबईच्या स्पॅनटेक इंजिनिअर्सच्या साथीने त्यांनी नायट्रोजनच्या यंत्रातला कार्बन काढून झिओलाइट भरलं आणि 93 ते 96 टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन मिळवला. माझ्या मते त्या महिन्यांतली ही सर्वात शहाणी बातमी होती, कारण यंत्रं आधीच कारखान्यांत उभी होती. दाणे मात्र योग्यच हवेत.

तुमच्या घरच्या कॉन्सन्ट्रेटरमध्येही झिओलाइटच असतं, आणि ओलावा त्याचा शत्रू आहे. पुण्याचे काही पावसाळे बंद पडून राहिलेल्या मशीनचे दाणे ओलावा शोषून निकामी झालेले असू शकतात. मोटर तितक्याच जोरात चालते, पण शुद्धता घसरते. बहुतेक मशीनवर शुद्धता साधारण 82-85 टक्क्यांखाली गेली की दिवा किंवा अलार्म लागतो. मात्र सगळ्याच मशीनना ही सोय नसते.

म्हणून वापरण्याआधी विक्रेत्याकडून किंवा सर्व्हिसवाल्याकडून ऑक्सिजन अ‍ॅनालायझरने शुद्धता मोजून घ्या, तीही रुग्णाला लागणाऱ्या फ्लोवर. बोटावरचा ऑक्सिमीटर रुग्णाबद्दल सांगतो, मशीनबद्दल नाही.

आकडा कमी दिसला की फ्लो वाढवायचा, हा नेहमीचा प्रकार. थकलेल्या मशीनमध्ये फ्लो वाढवल्यावर शुद्धता आणखी घसरते. मशीन चांगलं असेल तर धोका वेगळा: सीओपीडीच्या अनेक रुग्णांत आम्ही 88 ते 92 टक्केच पातळी ठेवतो, कारण जास्त ऑक्सिजनने त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. फ्लो डॉक्टरांना विचारूनच बदला. रुग्ण गुंगीत जात असेल, असंबद्ध बोलत असेल किंवा ओठ निळे पडले असतील, तर मशीनशी खटपट करत बसू नका. 108 ला फोन करा.