दगडांचं वकीलपत्र

नागपूरकर माणसाला मोकळी जागा पाहवत नाही. कुठे चार दगड, दोन बाभळी आणि मधून जाणारी एक पायवाट दिसली, की तो कमरेवर हात ठेवून उभा राहतो आणि म्हणतो, "इथं काहीतरी करायला पाहिजे." हे 'काहीतरी' म्हणजे काय, याबद्दल मात्र आमच्या गावात कधीही मतभेद होत नाहीत. आधी मुरूम, मग गिट्टी, मग सिमेंट, कडेला लाल-पिवळे ठोकळे, ठोकळ्यांवर बाक आणि बाकाच्या पाठीवर कुणाच्या तरी स्मरणार्थ कुणाचं तरी नाव. एवढं झालं की विकास झाला. मग रस्ता चांगला झाल्यामुळे लोक तिथे मोटारीने येतात, त्या बाकावर बसतात आणि एकमेकांना सांगतात, "पूर्वी इथं काय झाडी होती, बाप्पा!"

या सपाटीकरणाविरुद्ध मी आज उभा आहे. मी दगडांची बाजू घेतली आहे. त्यांनी मला वकीलपत्र दिलेलं नाही आणि फी तर नाहीच नाही. उलट हिवाळ्यात दर रविवारी सकाळी तेच माझ्या कंबरेकडून फी वसूल करतात.

प्रकरण असं आहे. आम्ही पाचजण, म्हणजे एक बँकेतून निवृत्त झालेले, एक दातांचे डॉक्टर, एक गणिताचे मास्तर, एक खरेखुरे वकील आणि मी, डिसेंबर-जानेवारीत पहाटे साडेपाचला सायकली काढतो. कधी सेमिनरी हिल्सचा चढ चढून फुटाळ्याकडे उतरतो, कधी अंबाझरीमागच्या वनखात्याच्या जंगलात रीतसर तिकीट काढून शिरतो, तर कधी गोरेवाड्यावरून फेटरीच्या अंगाला जिथे कच्च्या वाटा खुल्या असतील तिथे जातो. नागपूरच्या उन्हाळ्याची कीर्ती सगळीकडे पोचली आहे, पण थंडीला कुणी विचारत नाही. २९ डिसेंबर २०१८ला इथे पारा ३.५ अंशांवर आला होता. अशा पहाटे हँडल धरलेली बोटं आपली की शेजाऱ्याची, हे हलवून पाहिल्याशिवाय कळत नाही.

"हिवाळ्यातच काहून?" असं कुणी विचारतं. कारण बाकीच्या वर्षात ही वाट आम्हाला उभंही करत नाही. आमची जमीन काळ्या खडकाची. लाव्हाचे थर थिजून झालेला हा बेसॉल्ट झिजून झिजून कुठे मुरूम झाला, कुठे काळी माती. पावसाळ्यात ही काळी माती चाकाला अशी बिलगते, की दहा फुटांत चाक फिरायचं थांबतं आणि सायकलच आपल्या खांद्यावर बसते. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांत जंगलात सायकल चालवणाऱ्याला डॉक्टर नव्हे, भटजी लागतो. राहिले हे अडीच-तीन महिने. माती वाळलेली असते, सागाची पानं खाली पडून पापडासारखी मोडत असतात आणि मोकळे झालेले गोल गोल दगड वाटेत आपली वाट पाहत बसलेले असतात. शिवाय सराट्याचे काटे असतात. पंक्चर काढता येत नसेल त्याने या धर्मात येऊ नये.

आता विरुद्ध पक्षाचे मुद्दे एकेक करून घेऊ.

पहिला मुद्दा : गावात इतके गुळगुळीत रस्ते असताना दगडांत कशाला मरता? मी विचारतो, गुळगुळीत रस्त्यावर सायकल चालवताना तुम्ही करता काय? हप्ते मोजता. साहेब काय म्हणाला, व्याही काय म्हणाले, गॅसचं पुस्तक कुठे ठेवलं, हे सगळं तुमच्याबरोबर डबलसीट येतं. दगडांच्या उतारावर ही मंडळी पहिल्या दहा फुटांत गळून पडतात. तिथे पायडलवर उभं राहावं लागतं, अंग मागे न्यावं लागतं, पुढचा ब्रेक नुसता कुरवाळावा लागतो. आमच्या मास्तरांचा एकच नियम आहे : ज्या दगडाकडे बघाल त्यावरच जाल, म्हणून दगडाकडे बघू नका, त्याच्या बाजूच्या जागेकडे बघा. संसारात उपयोगी पडेल असं इतकं सोपं वाक्य मला आजवर कुठल्या प्रवचनात मिळालेलं नाही, आणि प्रवचनाला चटईवर बसावं लागतं ते वेगळंच.

दुसरा मुद्दा वयाचा आणि प्रतिष्ठेचा. "या वयात शोभते का?" हा प्रश्न विचारणारे लोक स्वतः सायकलवरच वाढलेले असतात. कैची मारून शिकले, डबलसीट शाळेत गेले, दिवा नाही म्हणून पोलिसाने चाकातली हवा सोडली तेव्हा रडले. एके काळी सायकलला नगरपालिकेचा पितळी बिल्ला लागायचा आणि तो चकचकीत ठेवण्यात इभ्रत होती. मग स्कूटर आली, मोटार आली आणि सायकल एकदम गरिबीची तरी खूण झाली, नाहीतर वेडाची. आमच्या संकुलाचा चौकीदार मोटारीला सलाम करतो आणि सायकलला "इकडे लावू नका" म्हणतो.

या प्रतिष्ठित मंडळींना थोडा इतिहास सांगतो. डोंगरी सायकल ही काही श्रीमंतांच्या कारखान्यात जन्मली नाही. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन भागातली पोरं जुन्या, बोजड, फुगीर टायरच्या सायकली भंगारातून उचलून कच्च्या वाटेने खाली सोडायची. या सायकली म्हणजे आपल्या दूधवाल्याच्या सायकलीच्या अमेरिकन मावसबहिणीच. ऑक्टोबर १९७६मध्ये त्यांनी पहिली शर्यत लावली. उतार इतका, की मागच्या ब्रेकमधलं ग्रीस जळून धूर व्हायचा आणि खाली पोचल्यावर ते पुन्हा भरावं लागायचं. त्यावरून शर्यतीचं नावच 'रिपॅक' पडलं. वीस वर्षांनी, १९९६ला अटलांटात, हाच उद्योग ऑलिंपिकमध्ये गेला. लांब कशाला जा? आमच्याच नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ला अमेरिका या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत सायकलने एकट्याने पार केली आणि पुढच्या वर्षी सायबेरियातली नऊ हजारांवर किलोमीटरची शर्यत पुरी केली. अशा माणसाचा सत्कार असला की आपण पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतो. घरी आल्यावर मात्र शेजारचा माणूस हेल्मेट घालून निघालेला दिसला, की खिडकीतून म्हणतो, "पाहा बरं, चालले पागल!"

आमच्या पक्षातही काही दिवे आहेत, हे मी लपवणार नाही. लाखाची सायकल घेऊन तिला चिखल लागू नये म्हणून डांबरावरच चालवणारे. सायकल किती हलकी आहे हे एका बोटावर उचलून दाखवणारे, पण स्वतःचं पोट कुणाच्या दोन हातांना न उचलणारे. आणि कहर म्हणजे जंगलात खिशातल्या फोनवर मोठ्याने गाणी लावणारे. या शेवटच्यांना माझा दगडांच्या वतीने शाप आहे. आणि 'सायकल फक्त तर्री पोह्यांसाठी' हा जो आरोप आमच्यावर होतो, त्याला उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही. पोहे हे समोर आलेच, तर आम्ही नाही म्हणत नाही, इतकंच.

आता तिसरा मुद्दा, आणि खरा कळीचा. लोक म्हणतात, "पक्का रस्ता केला तर म्हातारे, लेकरं, सगळ्यांनाच जंगल पाहता येईल. तुम्ही पाच जणांनी काय ठेका घेतला का?" हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हाताऱ्यांना आणि लेकरांना झाडं दिसलीच पाहिजेत. पण त्यासाठी गावात बागा आहेत, तलावांचे काठ आहेत; तिथे खुशाल गुळगुळीत करा, कठडे लावा. उरलेल्या वाटेवर काय होतं ते बघा. सिमेंटवरून म्हातारे आणि लेकरं कधीतरी येतील. त्यांच्या आधी मोटारसायकली येतील, त्यांच्यामागे चिप्सच्या पिशव्या, बाटल्या, वाढदिवसाचे केक आणि टोपलीभर फुगे. कच्च्या वाटेवर हे लोक येत नाहीत. का? दगड येऊ देत नाहीत! दगड हा बिनपगारी चौकीदार आहे. तो झोपत नाही, सुट्टी घेत नाही आणि मोटार पाहून सलाम तर मुळीच करत नाही.

दुसरं म्हणजे पाणी. मुरुमाची वाट पाऊस पिते. सिमेंटची वाट तो खाली ढकलते आणि 'माझ्याकडे आलंच नव्हतं' म्हणते. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या घरांत लोक झोपेत असताना पाणी शिरलं आणि माणसं गेली. त्या पुराची कारणं अनेक होती, सगळं खापर मी सिमेंटवर फोडत नाही. पण रस्ता घराच्या उंबऱ्यापेक्षा उंच झाला की पाणी कुठे जातं, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. पहाटे चिखलातून गादी बाहेर काढणारी कुठलीही बाई ते सांगेल. ज्या तलावाच्या पाठीशी माती पाणी धरून ठेवते आहे, तिथली माती तरी झाकू नका, एवढंच माझं म्हणणं.

तिसरं, जे तिथे राहतात त्यांचं काय? गोरेवाड्यात सांबर आहे, रोही आहे, मोर आहे, बिबट्या आहे. २०२१च्या मे महिन्यात एक बिबट्या थेट आयटी पार्कजवळच्या गायत्रीनगरात दिसला आणि दोन-चार दिवस सगळं गाव दारं लावून बसलं. लोक म्हणाले, बिबट्या वस्तीत आला. बिबट्याचा जबाब कुणी घेतला नाही. त्याच्या मते वस्ती कुठे आली होती, हेही नोंदवायला हवं होतं. आम्ही सायकलवालेही तिथे पाहुणेच. जिथे वनखातं नको म्हणेल तिथे आम्ही जाणार नाही, ऊन वर यायच्या आत बाहेर पडू, आणि केळ्याची सालंसुद्धा खिशात घालून आणू. आमचे वकीलसाहेब ती घरी जाईपर्यंत विसरतात, हा त्यांच्या घरातला प्रश्न आहे.

तेव्हा माझी मागणी साधी आहे, आणि गंमत म्हणजे तिला एक पैसाही खर्च येत नाही. अंबाझरीमागे आणि गोरेवाड्याच्या कडेने ज्या थोड्या कच्च्या वाटा उरल्या आहेत, त्यांना काहीही करू नका. मुरूम नको, ठोकळे नकोत, कठडा नको, बाक नको, बाकावर नाव तर नकोच नको. आणि फलक लावल्याशिवाय कुणाला चैनच पडत नसेल, तर एकच लावा : 'पुढे रस्ता खराब आहे.' तो वाचून जे परत फिरतील, त्यांच्यासाठी बाकीचं नागपूर सिमेंटचं करून ठेवलेलंच आहे.