दहावी आली म्हणून मैदान बंद?

गेल्या पावसाळ्यात एक आई पंधरा वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आली. डोके दुखते, जेवण जात नाही, अभ्यासात लक्ष नाही. "डॉक्टर, एखादे चांगले टॉनिक लिहून द्या." तपासले, डोळे, रक्त सगळे ठीक. बोलता बोलता कळले, मुलगी शाळेच्या खो-खो संघात होती आणि दहावीचे वर्ष म्हणून एप्रिलपासून तिचा खेळ घरच्यांनी बंद केला होता.

वीस वर्षांपूर्वी मीही टॉनिकच लिहून दिले असते!

अंग दमले की झोप गाढ लागते, भूक लागते, मनावरचा ताण ओसरतो. शिवाय मैदानावर मैत्रिणी भेटतात. हे बहुतेकांना पटते. पण याची दुसरी बाजू पालकांच्या ध्यानात येत नाही. मन खचले की पायातले बळच जाते. मूल बसून राहते, आणि बसून राहिल्याने मन आणखी खचते. आपण त्याला आळशी म्हणतो, मोबाइलला दोष देतो. कित्येकदा मोबाइल हा केवळ आडोसा असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी 60 मिनिटे दमवणारी हालचाल सांगितली आहे. तिच्याच 2019 च्या अहवालात 11 ते 17 वयाची जगातली 81 टक्के मुले त्यात कमी पडलेली दिसली. आपल्याकडे मुलींचा खेळ सुटतो, धुणीभांडी सुटत नाहीत. पण त्या कामात मन कसे रमावे?

मात्र उदास मुलाला "ऊठ, पळ" असे दरडावू नका. दहा मिनिटांपासून सुरुवात करा, आणि सोबत जा. दोन आठवडे उदासी हटत नसेल, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, तर डॉक्टरांना दाखवा. जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला, तर एक दिवसही थांबू नका. टेली-मानसचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र मोफत आहे. तिथे नुसत्या खेळावर भागत नाही.

त्या मुलीला मी आधी फक्त संध्याकाळी वडिलांबरोबर पायी दूध आणायला पाठवले. महिन्याभराने ती सरावाला जाऊ लागली. डोके अजून अधूनमधून दुखते, पण भाकरी एकाची दीड झाली आहे. वडील आता तिला स्कूटरवरून मैदानावर सोडतात. म्हटले, अहो, तेवढे तरी चालत जाऊ द्या!