जपणूक आणि अडवणूक

कर्जत-खालापूर परिसरातील पावसाळा म्हणजे अंगणात शेवाळ, ओसरीवर ओल आणि घरोघरी एकच आज्ञा : 'आजी, तुम्ही बाहेर पडू नका.' या आज्ञेमागची माया खरी आणि भीतीही खरी; उतारवयात पडल्याने खुब्याचे हाड मोडू शकते. परंतु चालणेच थांबले, तर पायांचे स्नायू क्षीण होतात, तोल बिघडतो आणि ज्या पडण्याची धास्ती घेतली, त्याचीच शक्यता वाढते.

म्हणून पायबंद धोक्याला घालावा, माणसाला नको. शेवाळ खरवडून काढावे, न्हाणीघरात आधाराचा दांडा बसवावा, रात्री वाटेत दिवा ठेवावा. उठताना चक्कर येत असल्यास चालू औषधांविषयी डॉक्टरांना विचारावे. डोळे नियमित तपासून घ्यावेत.

घराबाहेरही हाच नियम. एसटीने ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास दिला आहे. त्या सवलतीने आजोबांना एकट्याने महडच्या वरदविनायकाला जायचे असेल, तर 'कशाला?' असे न म्हणता 'परत कधी याल?' एवढेच विचारावे. खिशात पत्ता, घरचा दूरध्वनी क्रमांक आणि औषधांची यादी असावी.

स्मृतिभ्रंश असेल तेथे सोबत हवीच. एरवी परिणाम समजून घेऊन केलेला निर्णय त्यांचा मानावा. तो आपल्याला रुचला नाही, तरीही.