थेंब एकीकडे, गळती दुसरीकडे

आमच्या वेल्ह्याच्या पावसात कौलारू घरात राहिलेल्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. थेंब पडतो त्याच्या बरोबर वरचे कौल फुटलेले असतेच असे नाही. पाणी वाशावरून सरकत चार हात लांब येऊन टपकते. पण हीच माणसे गाडीखाली तेल दिसले की सगळे विसरतात!

माझ्या पुतण्याची जुनी डिझेल जीप आहे. वेल्हे-नसरापूर रस्त्याने दुधाचे कॅन नेते, घर तिच्यावरच चालते. दिवाळीनंतर उसनवारी करून त्याने इंजिन पूर्ण बांधून घेतले. पंधरवड्यात इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली तेल ठिबकू लागले. गॅरेजवाल्याने वाकून पाहिले आणि निकाल दिला, "मागचं सील गेलं." गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील सगळे उतरवून क्रँकशाफ्टच्या टोकाचे सील बदलले. दोन दिवस दुधाला भाड्याची गाडी. आठवड्यात पुन्हा थेंब! "सर, परत उतरवावा लागेल, मजुरी अर्धीच घेतो," हे वर.

मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला माणूस, इंजिनातले मला काय कळणार? पण जन्मभर वह्या तपासल्या आहेत. गणित चुकले की उत्तराखाली दिसते, चूक मात्र वरच्या एखाद्या पायरीत असते.

"नाना, मग काय करू?" पुतण्या रडवेला झाला होता. म्हटले, "आधी धू आणि पूस." इंजिनाची मागची बाजू धुऊन अगदी कोरडी केली, तिच्यावर टाल्कम पावडर उडवली आणि पाबे घाट चढून आलो. चढाला गाडीचे नाक वर, म्हणजे तेल मागे साचते. पावडरीवर तपकिरी ओघळ स्पष्ट उमटला होता. सुरुवात कुठून? पार वरून, टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून! तिथले पॅकिंग बसवताना दुमडले होते. तेल मागून उतरून सांध्यात शिरत होते आणि सील बिचारे बदनाम.

सील कधीच जात नाही असे मी म्हणत नाही. ते तिरके बसू शकते, किंवा शाफ्टवर जुन्या सीलने चर पाडलेला असला की नवेही गळते. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला तर तिथे विणलेल्या दोरीचे पॅकिंग असे, ती ठिबकायचीच. ब्रीदर तुंबला तरी आतला दाब चांगल्या सीलमधून तेल बाहेर ढकलतो. नव्या बांधलेल्या इंजिनात रिंगा अजून बसलेल्या नसतात, तेव्हा हे आधी बघावे. आणि तेल इंजिनाचे की गिअरबॉक्सचे? बोटावर घेऊन वास घ्या, गिअर ऑईलला गंधकाचा उग्र वास येतो. यातल्या बहुतेक गोष्टी काही न उतरवता कळतात.

मग गॅरेजवाला हे का करत नाही? मला वाटते दोष आपलाही आहे. उतरवण्याची मजुरी आपण मुकाट्याने देतो, पण नुसते बघायचे शंभर रुपये मागितले तर "बघायचे कसले पैसे?" म्हणून भांडतो. मी पुतण्याला म्हटले, पुढच्या वेळी त्याला तपासणीचे वेगळे पैसे दे. तो हसला.

असो. जीपखाली रात्री पुठ्ठा टाकून ठेवतो आणि पहाटे कॅन चढवण्याआधी बॅटरीने बघतो. आज सकाळपर्यंत तरी कोरडा आहे.